ट्रॅव्हल्सवाल्याची जाहिरात

माझ्या वडिलांची, अप्पांची, डावी बाजू लकव्यानं गेली आणि मी पुण्याची नोकरी सोडून बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला, घरी परत आलो. आई आधीच गेलेली. त्यांना खाटेवरून उठवून मोरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागायची: एक मी, दुसरा शेजारी राहणारा माझा चुलतभाऊ.

घर सोडायचं नव्हतं आणि पोट तर भरायचं होतं, म्हणून मी एक वेबसाइट काढली. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही जाणणाऱ्यांना घरबसल्या करता येतील अशी भाषांतराची, टायपिंगची कामं शोधून तिथं टाकायचो. आमच्या भागात तीन भाषा बोलणारे ढिगानं. मला वाटलं, घबाड सापडलं. लोक बघायलाही लागले. पण फुकट्या बघ्यांवर चूल पेटत नाही. जाहिरातदार मिळाले नाहीत तर पुन्हा पुणं, आणि अप्पा खाटेवर एकटे.

बिदरला खेपा घातल्या. तिथल्या मैलूर भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं चहा पाजून वाटेला लावलं. एका चष्मेवाल्यानं गणपतीची वर्गणी समजून एक्कावन्न रुपये पुढं केले आणि पावती मागितली. जाहिरात आहे म्हटल्यावर विचारलं, "मग माझा फोटो कोणत्या चौकात लावणार?" फोटो कॉम्प्युटरवर दिसेल म्हटलं, तर पैसे पुन्हा गल्ल्यात गेले. आज हसू येतं. तेव्हा नुसता संताप झाला होता.

हो म्हणाला तो एकटा, पुण्याला रोज गाडी सोडणारा ट्रॅव्हल्सवाला.

"समदे घरीच बसून काम करायलेत म्हणल्यावर माझ्या गाडीत कोण बसंल, अण्णा?" तो म्हणाला. "पुण्याच्या नोकऱ्याबी टाका. सगळ्यात वर. मग वर्षभर जाहिरात देतो."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला होती, तरी मी हो म्हणालो. गोदामं, वॉचमन, हॉटेलं; एकेका ठिकाणी फोन करून खात्री करायचो आणि टाकायचो. भाषांतराची कामं खाली खाली गेली. वेबसाइट मात्र चालायला लागली.

चार महिन्यांनी चुलतभाऊ पेढे घेऊन आला. "अण्णा, तुझ्या वेबसाइटवरचीच नोकरी लागली की. गोदामात. उद्याच्या गाडीनं जायलोय."

'कामून चाललास' म्हणायला मला तोंड नव्हतं. अप्पांनी चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

मग मी एकट्यानंच उचलायला लागलो. कंबरेत कळ यायची. ओठ दाबून धरायचो, तरी कण्हणं बाहेर पडतच असणार. थोड्या दिवसांत अप्पा कमी वेळा हाक मारायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मोकळ्या वेळात मी पुण्याच्या आणखी नोकऱ्या टाकल्या.

ऐन उन्हाळ्यात त्यांना ताप भरला. लघवीतून रक्त आलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?"

"उशाशी, खिडकीत तांब्या भरून ठेवतो," मी म्हणालो. "संध्याकाळी रिकामा असतो."

अप्पा भिंतीकडं बघत होते. "खिडकीतून वततो," ते म्हणाले. "प्यालो की उठावं लागतंय. ह्यो एकला कितींदा उचलंल?"