वीस निरोगी व्यक्ती

प्रयोगशाळेत तिला सगळे नॉर्मलबाई म्हणत. तिनेही ते नाव मिरवलं, तिथेच चुकलं.

त्याचं असं झालं. प्रयोगशाळेचे सर तेव्हा तरुण होते आणि फार घाईत होते. ती त्यांच्या हाताखाली नळ्या धुवायची. शरीराची राखणदार फौज उलटून आपल्याच सांध्यांवर चालून जाते, त्या आजारावर त्यांचं संशोधन. "कुंपणच शेत खातं बाई, दुसरं काय," असं ते सोपं करून सांगायचे. हा आजार रक्तात मोजायची पद्धत त्यांनी शोधली. पण मोजायचं कशाशी? त्यासाठी वीस निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, आणि सुई दिसली की विद्यार्थ्यांना नेमका तास आठवायचा. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही चांगल्या धडधाकट आहात. तुमचंच घेऊ." वीस दिवस तिने बाही वर केली. वीस नळ्या भरल्या, वीस चिठ्ठ्या आपल्या हाताने लिहून चिकटवल्या. लेखात छापून आलं, 'वीस निरोगी व्यक्ती'.

तिला हसू आवरेना. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मी एकटी विसांना भारी आहे. छापून आलंय!"

त्या लेखाने सरांचं नशीब उघडलं. हजारो संशोधकांनी त्याचा आधार घेतला, तो पाठ्यपुस्तकांत गेला, मग इस्पितळांत. बाईच्या रक्ताचा आकडा म्हणजे एक. दुपटीच्या वर गेलात तर आजारी, खाली राहिलात तर मुकाट घरी जा. सर देशोदेशी भाषणं देत फिरले. बाई नळ्या धूत राहिली. आभाराच्या यादीत तिचं नाव कधीच आलं नाही. सरांना नावं लक्षात राहत नाहीत, असं सगळे कौतुकाने सांगायचे.

मग काही वर्षांनी तिची बोटं धरली. सकाळी कप उचलेना, नळीचं झाकण फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. मोठी जाऊ म्हणाली, "काम नको, म्हणून ही नाटकं." डॉक्टरांनी रक्त तपासलं. "सगळं नॉर्मल आहे. वयाचं दुखणं." दोन वर्षांत चारदा तपासलं, चारही वेळा तेच. औषध जबर असतं, आकडा वाढल्याशिवाय कोणी सुरू करत नाही. तोवर करंगळ्या वाकड्या झाल्या होत्या.

चौथ्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत सरांच्या लेखाचं नाव होतं. ते तिने दोनदा वाचलं. तिचं रक्त तिच्याच रक्ताशी ताडून पाहत होते! आजार तेव्हापासूनच आत दबा धरून बसलेला, आणि सगळ्या जगाने त्यालाच निरोगी ठरवलं होतं.

तिने कँटीनवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत वीस जणांच्या हातापाया पडून रक्त घेतलं. खरे वीस जण. इतकी वर्षं पाहून पाठ झालेल्या सरांच्याच पद्धतीने मोजलं. त्यांच्या मापाने तिचा आकडा सहापट निघाला.

सरांचा गौरव समारंभ आठवड्यावर आला होता. तिने आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. तो पाहून त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"हे कोणाला दाखवलंत?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"त्या वीस नळ्या तुमच्या होत्या, हे तुम्हालाही माहीत होतं बाई. चिठ्ठ्यांवर अक्षर तुमचं आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. तरी ती म्हणाली, "पण सर, बाकीच्यांचं काय? दुखणं घेऊन येतात आणि नॉर्मल म्हणून परत जातात. दुरुस्ती छापा ना."

"मी डॉक्टरांना फोन करतो. तुमचं औषध उद्यापासून सुरू होईल." सरांनी कागदासाठी हात पुढे केला.

बाईने कागद दिला. भांडायला हवं होतं, असं म्हणणारे म्हणतील. ज्यांची बोटं सरळ आहेत, त्यांनी खुशाल म्हणावं.

औषध लागू पडलं. तीन महिन्यांनी ती इस्पितळाच्या बाकावर बसली होती. शेजारी एक तरुण बाई पाण्याच्या बाटलीशी झटत होती. सुजलेली बोटं, झाकण काही फिरेना. नॉर्मलबाईने ते सहज उघडून दिलं.

"रक्तात काही नाही म्हणतात," ती तरुण बाई म्हणाली. "घरचे म्हणतात, नाटक करते. तुमचं काय आलं होतं, मावशी?"

बाईने मांडीवरची औषधाची पिशवी पर्समध्ये सारली.

"नॉर्मल," ती म्हणाली.