काकांचा आडवा हात

मोबाईल समोर धरला की काकांचा उजवा हात डोळ्यांपुढे आडवा जायचा. जन्म पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीसमोर गेला होता ना! रिटायर झाले तरी उजेड दिसला की तळवा वर. न्हाणीतला बल्ब लावला तरी, असं काकू होत्या तेव्हा सांगायच्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माझं पावर हाउस भागात छोटं सेंटर आहे, शेतकऱ्यांच्या सरकारी हप्त्याची कामं मी करते. हप्ता चालू ठेवायचा तर मशीनवर अंगठा द्या, नाहीतर कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा. काकांच्या अंगठ्याचा ठसा काही उठेना. उरला चेहरा, आणि चेहऱ्यापुढे हा हात!

"काका, हात खाली."

"खालीच तर आहे ना, बाई."

कुठला खाली! मी हात धरून ठेवला, तर डोळे असे बारीक केले की मशीनला माणूसच दिसेना. माझं डोकं फिरायचं. "मुद्दाम करता का हो?"

"अवो, मी कावून करीन? आग दिसते मले त्याच्यात."

मला हसू यायचं, पण काकांना दरदरून घाम फुटलेला असायचा. जवळच पाटणकडच्या एका खेड्यात त्यांच्या नावावर धानाचं शेत होतं. कसायची त्यांची विधवा बहीण. हप्ता आला की काका तो तिच्या हाती नेऊन द्यायचे, त्यातून खत यायचं. बाई भारी मानी. भावाच्या पैशाला हात लावायची नाही. "शेताचं शेताले," म्हणून सरकारचं तेवढं घ्यायची. हप्ता बंद झाला तर ती शेत सोडून दुसऱ्याच्या बांधावर रोजीला जाईल, या धास्तीनं काकांना अन्न गोड लागत नव्हतं.

"झालं का काही?" बाजारात भाजी घेताना गाठलं तरी हेच. मोबाईल कोणाचाही वाजो, दचकायचे काका.

शेवटी मुदत संपली आणि हप्ता थांबला. काका माझ्या बाकड्यावर बसून राहिले. पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

मग हळूच म्हणाले, "बहिणीले सांगू नको, बाई. मी पेन्शनमधून देत जाईन. सरकारचंच आहे म्हणीन."

"आणि तिला कळलं तर?"

"तर मंग ती माह्या दारात पाय ठेवत नाही."

झालं, माझ्याही जिवाला घोर. बहिणीचा फोन यायचा, "दादाचा हप्ता आला का वो?" मी "आला, आला," म्हणायची आणि पटकन फोन ठेवायची. चोर ते चोर, वर मी त्यांची साक्षीदार!

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मूलबाळ नव्हतं, शेत बहिणीच्या नावावर चढलं. मग एक दिवस ती स्वतः सेंटरात आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. आता ही जुन्या हप्त्यांचं विचारणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली.

"भेऊ नको, बाई," ती म्हणाली. "सरकारचा हप्ता हर बारीले पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी कसा येईल? मले समजत नव्हतं काय?"

"मग घेत का होता, ताई?"

"नसतं घेतलं तर दादा झुरला असता."

आता हप्ता तिच्या नावावर लावायचा होता, म्हणून मी मोबाईल तिच्यासमोर धरला. तिचा हात मांडीवर होता, डोळे टक्क उघडे. मिटायलाच तयार नाही.

"डोळे मिटा, ताई."

"मिटले का पानी येते."

"येऊ द्या."

तिनं डोळे मिटले. गालांवर पाणी आलं, आणि स्क्रीनवरचं वर्तुळ हिरवं झालं.

"झालं?"

"झालं, ताई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता दादाले फिकर नाही," म्हणाली.