अधेलीएवढं कुंकू

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरात असायलाच नको होतो. पण आदल्या दिवशी पाय मुरगळला, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पुरुषमाणसाने लपायचं तरी कुठे? मधल्या दारावर पडदा सोडून मी आत वर्तमानपत्र धरून बसलो. बाहेर चाळीतल्या झाडून साऱ्या बायका जमलेल्या. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी पडदा बाजूला करून विचारलं, "अरे, पायाचं कसं आहे?"

एवढ्या बायका ऐकताहेत म्हटल्यावर मला विनोद सुचला.

"पायाचं राहू द्या काकू, तुमच्या कुंकवाला बढती मिळालेली दिसते! गणपतीत चवली होती, दिवाळीला पावली झाली, आता अधेली. शिमग्यापर्यंत रुपया होणार."

बायका खो खो हसल्या. काकूही हसल्या. पण हसता हसता त्यांचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. माझी बायको ताट घेऊन आत आली आणि माझ्या हातावर हलवा ठेवत हळूच म्हणाली, "तिळगूळ घ्या आणि गप्प बसा."

नव्या पैशांवर वाढणाऱ्या मुलांना चवली-पावली कळायची नाही, पण तुम्हा-आम्हाला दोन, चार आणि आठ आण्यांची ती जुनी चांदीची नाणी आठवतात. काकूंचं कुंकू खरोखरच त्या क्रमाने वाढत गेलं होतं. फक्त त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं.

आमची डोंबिवलीची चाळ पत्र्याची. काकूंची आणि आमची भिंत एकच. काका ठाण्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले. मोठा मुलगा नागपूरला नोकरीला, आणि धाकटी कुसुम मॅट्रिक होऊन लग्नाची झालेली. काकूंनी पन्नाशी ओलांडली होती. पन्नाशी उलटली की बाईने आरशाकडे पाठ फिरवावी, असा आपल्याकडे एक न लिहिलेला कायदा आहे. काकूंनी तो कधी जुमानला नाही. दुपारची झाकपाक झाली की त्या गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसत आणि फणेरपेटी उघडत. सागवानी पेटी, झाकणाला आतून आरसा, खणांत फणी, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. हळूहळू त्यांच्या वयाच्या बायका तिथे जमू लागल्या. आम्ही त्याला 'काकूंची कचेरी' म्हणत असू.

"विशीत करत होतीस तेच पन्नाशीत केलंस तर लोक हसतील," काकू सांगत. "आणि काहीच केलं नाहीस तर कीव करतील. हसलेलं परवडलं."

कोणाला म्हणत, "केस विरळ झाले की मधला भांग रुंदावतो, गाडीरस्ता दिसायला लागतो. जरा तिरका पाड." कोणाला, "गंगावन अर्धंच घाल गं. एवढा अंबाडा बघून लोक आधी त्यात खरा किती याचाच हिशेब करतात." पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते, त्यापेक्षा सायीचा हात फिरवावा, हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं की एकदा स्वतःवर करून पाहिलं. दिवसभर ऑफिसात माशांनी पिच्छा सोडला नाही.

डोळे अधू झाल्यापासून काकूंना आरसा पुरेनासा झाला. मग जे चकाकेल त्यात त्या वाकून पाहत. पितळी डब्याचं झाकण, कंदिलाची काच, काहीही. एकदा मी महागाईवर बोलत होतो आणि काकू माझ्या डोळ्यांत अशा एकटक बघत होत्या की मला वाटलं, चला, चाळीत एकाला तरी आपलं म्हणणं पटतंय. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "सरळ आहे ना रे?" त्या माझ्या चष्म्याच्या काचेत कुंकू बघत होत्या.

"सरळ आहे ना?" हा प्रश्न त्या दूधवाल्यालाही विचारत. मला तो हौसेचा वाटायचा. तो भीतीचा होता, हे त्या संक्रांतीनंतर कळलं.

काकूंना ताप भरला. कुसुम शिवणाच्या वर्गाला गेलेली, म्हणून माझी बायको उशाशी बसून पाण्याच्या घड्या ठेवत होती. ओल्या फडक्याने कुंकू पुसलं गेलं. खाली पांढरा डाग होता, वाटोळा. गुंगीतून जागं होत काकूंनी तिचं मनगट धरलं.

"सुमन, कोणाला सांगू नकोस गं. कोड नाही ते. कोड नसेल ना गं? कुसुमचं व्हायचंय अजून."

आईच्या अंगावर कोड आहे असं एकदा कोणी बोललं की पोरीचं स्थळ उंबऱ्याबाहेरूनच परत जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. काकूंनी तो डाग प्रत्यक्ष काकांपासूनही लपवला होता. त्या काकांच्या आधी उठत आणि कुंकू लावूनच त्यांच्यासमोर येत. त्यात कोणाला काही वावगं वाटायचा प्रश्नच नव्हता. काकांना सांगायची सोय नव्हती, कारण ते सत्यवचनी होते आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. मुलाकडच्या मंडळींना चहाच्या आधी त्यांनी डागाची हकीकत सांगितली असती. डाग वाढेल तसं कुंकू वाढत होतं. आणि मी शहाणा, भर हळदीकुंकवात त्याची मापं काढत बसलो होतो.

डोळे तपासायचेत असं काकांना सांगून आम्ही काकूंना ठाण्याला नेलं, कातडीच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर तरुण होते. डागावर टाचणी टोचून पाहिली, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे कोड नाही, आजी. बाजारच्या कुंकवातला रंग तुमच्या कातडीला सोसत नाही. कुंकू बंद करा. वर्षभर कपाळ मोकळं ठेवा. रंग आपोआप परत येईल."

"घरी हळदीचं करून लावलं तर?"

"तेही नको. मेण नको, काहीच नको."

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या आई आहेत?"

"आहेत की."

"आणि वडील?"

"आहेत."

"मग आज घरी गेलात की आईला सांगून बघा, वर्षभर कपाळ मोकळं ठेव म्हणून."

डॉक्टरांनी टाचणी परत टाचण्यांच्या उशीला टोचली. 

घरी काका वाटच पाहत होते. "काय, चष्म्याचा नंबर काय निघाला?"

मी गडबडलो. "नंबर… नाहीच निघाला. डोळे उत्तम आहेत."

"उत्तम? मग सुईत दोरा मला का ओवायला लावते?"

रोग नाही म्हणून आनंद करावा, तर औषध रोगापेक्षा कठीण. कुंकू लावलं तर डाग वाढणार. न लावलं तर डाग दिसणार, आणि वर काकांच्या जिवंतपणी मोकळं कपाळ! काकूंनी निकाल दिला, "कुसुमचं तेवढं होऊ दे. मग बघू."

वैशाखात कल्याणहून मंडळी पाहायला येणार असं ठरलं. मुलगा चांगला होता. मुलाची आई देशावरची, धिप्पाड आणि करड्या नजरेची, असं आधीच कानावर आलेलं. काकूंना दोन रात्री झोप नव्हती. वैशाखात पत्र्याखाली मेण पाघळतं. पाघळलं की कुंकू नाकावर. बायकोने मला कामगिरी दिली, "तुम्ही पंखा घेऊन काकूंच्या शेजारी बसायचं. हात थांबवायचा नाही."

मंडळी आली. मी वारा घालू लागलो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे आपले कोण?"

"शेजारी," काका म्हणाले. "फार सेवाभावी आहेत."

पोहे फिरले. कुसुमला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मी जोमात वारा घालत होतो. तेवढ्यात मला आतल्या दारात बायको दिसली. ती डोळे मोठे करून हाताने नको नको करत होती. मला वाटलं, कमी पडतंय. मी हात बदलून दुप्पट वारा घातला.

मला कसं कळावं, की मेणाच्या धास्तीने काकूंनी ऐन वेळी मेण सोडून डिंकाच्या पाण्यावर कुंकू लावलं होतं? डिंक उन्हाने पाघळत नाही, पण वाऱ्याने तडकतो. सुकलेल्या तळ्याला भेगा पडाव्यात तशा काकूंच्या कपाळाला भेगा पडत होत्या. एक खपली सुटून त्यांच्या मांडीवर पडली.  त्यांना हात वर नेता येईना आणि खाली ठेवताही येईना. मुलाची आई चहाची बशी ओठाशी नेता नेता थांबली होती.

बायको करंडा घेऊन बाहेर आली. रीत अशी की आधी पाहुणीला हळदकुंकू. ती पाहुणीला ओलांडून सरळ काकूंपुढे बसली आणि अंगठाभर कुंकू त्यांच्या कपाळावर दाबून म्हणाली, "आज पहिला मान मुलीच्या आईचा."

"ही कुठली पद्धत?" मुलाच्या आईने विचारलं.

"कोकणातली," बायको म्हणाली. "मुलगी देणारीचं कपाळ आधी भरायचं."

मी कोकणातला. अशी पद्धत आमच्याकडे कोणी ऐकलेली नाही. पण मुलाच्या आईने बशी खाली ठेवली, काकूंकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चांगली आहे हो. आमच्याकडे कोणाला सुचली नाही." बोलणी तिथेच निम्मी झाली. पुढे लग्नात त्या बाईंना स्वतः ही कोकणातली पद्धत चार जणींना समजावून सांगताना मी ऐकलं.

लग्न झालं. आम्ही म्हटलं, आता तरी. काकू म्हणाल्या, "मंगळागौर आहे. कुसुम यायची. एवढं होऊ दे." मग दिवाळसण आला, जावई यायचे. "एवढं होऊ दे." मग कुसुमला दिवस गेले, डोहाळजेवण, बारसं. सौभाग्यवतीने मोकळ्या कपाळाने बसावं असा एकही प्रसंग आपल्या पंचांगात नाही. कुंकू रुपयाएवढं झालं. माझा विनोद मीच गिळत होतो.

आणि एका सकाळी काका बाजारातून आले, भाजीची पिशवी खाली ठेवली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले.

पुढचं मी फार सांगत नाही. बायकांनी काकूंना आत नेलं. माझी बायको होती, कल्याणहून कुसुमची सासू आली होती. कुंकू पुसल्यावर तो पांढरा गोल सगळ्यांपुढे उघडा पडला. बायको सांगत होती, काकूंनी त्या तसल्या दुःखातही दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. कुसुमच्या सासूने ते हात अलगद बाजूला केले, डागावर आपला तळवा ठेवला आणि म्हणाली, "इतक्या वर्षांचं कुंकू. खूण राहणारच, बाई." ज्या शब्दाच्या धास्तीने काकूंनी इतकी वर्षं काढली, तो तिथे कोणाच्या मनातही आला नाही.

डॉक्टरांचं औषध असं सुरू झालं.

काकूंची कचेरी बंद पडली. फणेरपेटी मात्र त्या अधूनमधून उघडत, आणि पदर जरा मागे करून आरशात बघत. काही महिन्यांनी बायको आनंदाने म्हणाली, "काकू, डॉक्टर म्हणाले तसंच झालं हो! कडेने रंग परत येतोय."

काकूंचा चेहरा उतरला. "इतक्यात?" त्या म्हणाल्या. आणि मग भिंतीकडे बघत, "एवढं तरी राहू दे की."



नागपूरचा मुलगा न्यायला आला. दारात टांगा उभा राहिला. काकू आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलू लागलो. काकू अगदी जवळ येऊन माझ्या डोळ्यांत एकटक बघत राहिल्या. या वेळी मला ठाऊक होतं. मी मान हलू दिली नाही, बोलणंही थांबवलं नाही. त्यांचं कपाळ माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. स्वच्छ, एकसारख्या रंगाचं. तिथे कधी काही होतं असं कोणालाही वाटलं नसतं.

माझ्या चष्म्याच्या काचेत त्यांना धड दिसलं नसावं. त्या बायकोकडे वळल्या आणि पदर मागे सारून हळू आवाजात काहीतरी विचारलं. बायकोने त्यांच्या कानाशी लागून उत्तर दिलं. काकूंनी मान डोलावली, पदर पुढे ओढला आणि टांग्यात चढल्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"काय विचारत होत्या?" मी म्हटलं.

"दिसतं का गं अजून, म्हणाल्या."

"मग तू काय सांगितलंस?"

बायको पदराला हात पुसत आत निघाली होती. उंबऱ्यात थांबली.

"'आहे की हो काकू,' म्हटलं. 'चांगलं अधेलीएवढं आहे. आणि सरळ आहे.'"