दादाच्या मिक्सरला लावलेलं एमसील

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना माझा खोलीसोबती मारोती हसला आणि माझा एकुलता एक पांढरा शर्ट गेला.

चोरांपासून वस्तू जपायला निघालेला माणूस परमुलखात, भर बाजारात, स्वतःच चोर म्हणून पकडला गेलाय, असं कधी ऐकलंय का? नाही ना? मग माझ्याकडं नीट बघून घ्या.

मी ताडकळसचा. सध्या मस्कतला एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करतो. शाळेशी माझं सातवीतच फाटलं. माझा थोरला भाऊ मात्र हाताचा कारागीर. ताडकळसला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. 'होतं' म्हणायला अजून जीभ वळत नाही. पंप जळाला, कूलर थांबला, मिक्सर बसला, की माणसं दादाकडं यायची. मोटारीतली जळकी तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची आणि दोऱ्यानं आवळून बांधायची, हे त्याचं काम. शेवटची गाठ तो बैलाचं दावं बांधतात तशी मारायचा. बाकीचे वाइंडिंगवाले चेष्टा करायचे. दादा म्हणायचा, "बैल सुटत न्हाई, तर तार कशी सुटंल?"

मी मस्कतला निघालो तेव्हा तो स्टँडवर सोडायला आला. दुसऱ्यांचे भाऊ अशा वेळी काय सांगतात? जपून राहा, वेळेवर जेव. माझ्या दादानं एसटी येईपर्यंत मला मेकॅनिक लोकांच्या लबाड्या सांगितल्या. चांगलं बेरिंग काढून जुनं कसं बसवतात. तांबं काढून ॲल्युमिनियम कसं भरतात. मशीन न उघडताच 'मोटार गेली' कसं ठोकून देतात. एसटी लागली तरी त्याचं चालूच.

"बारक्या, तिकडं आपलं कुणी न्हाई. मशीन दुरुस्तीला दिली तर तिथून हलायचं न्हाई. चहा प्यायलाबी न्हाई. तू चहा पिऊन येस्तोवर तांबं गायब."

आणि गाडी हलता हलता त्यानं खिडकीतून एक गाठोडं आत ढकललं. त्याच्या खांद्यावरच्या दस्तीत गुंडाळलेला वहिनीचा जुना मिक्सर. त्याची वाइंडिंग त्यानं नवी करून दिली होती. खालून ओरडला, तू म्हातारा होशील, हा होणार नाही.

ह्या उन्हाळ्यात दुकानातच दादाच्या छातीत कळ आली. परभणीच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही. मी गावात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दिवस झाले, केस काढले, परत आलो. निघताना वहिनीनं येसरचं, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या धान्य-मसाल्याच्या पुडीचं, सगळं सामान भाजून पिशवीत घालून दिलं. दादाला येसरची आमटी असली की दुसरं काही लागायचं नाही. वहिनी म्हणाली, बारीक तिकडंच करा, इथून करून नेलं तर वास जातो.

त्यानंतर एक फोन सोडला तर मी वहिनीला फोनच लावला नाही. का? तर आमचं घर दुकानाच्या मागं. आधी कधीही फोन केला की तिच्या बोलण्यामागं मशीनची घरघर ऐकू यायची. कधीकधी तर वहिनी काय बोलली ते कळायचंच नाही, मग ती दुकानाकडं तोंड करून ओरडायची, अहो जरा थांबा की. आल्यावर एकदाच फोन केला. तिचं एकेक अक्षर स्पष्ट ऐकू आलं. मी फोन ठेवून दिला.

असो. किस्सा मिक्सरचा आहे.

झालं काय, आमच्या बिल्डिंगमध्ये एकानं कपड्याची मशीन दुरुस्तीला दिली. परत आली ती दुसरीच जुनाट मोटार घेऊन. आतली चांगली मोटार गडप. हे ऐकलं आणि मी आधी मिक्सरपाशी जाऊन बसलो. उद्या माझ्या माघारी कुणी मिक्सर उघडला तर? दादाच्या हातची तार काढून नेली तर? दुसरी कुठून आणू?

दुसरा माणूस एक दिवस विचार करतो. मी चूल पेटण्याआधीच भाकरी टाकणारा. दादाच्या दुकानातलं उरलेलं एमसील मी येताना पेटीत टाकलं होतं. आपल्याकडं पंपाच्या पाइपाची गळती बुजवायला लावतात ना, दोन कांड्या एकत्र मळून, तेच. मिक्सर पालथा घातला आणि बुडाला जेवढे स्क्रू, जेवढी भोकं, जेवढे खळगे दिसले, ते सगळे लिंपून काढले. वरून बोट ओलं करून गुळगुळीत केलं. सकाळी ते दगडासारखं कडक झालं. आता ये म्हणावं चोराला.

माझ्या खोलीतला मारोती राणीसावरगावचा, फरशी बसवायचं काम करतो. त्यानं पालथा मिक्सर बघितला आणि एवढंच विचारलं, "ह्याला प्लास्टर केलं का रं?"

मग दादाच्या महिन्याची तिथी आली. शुक्रवारची सुट्टी होती. म्हटलं, आज येसर करायचं, आमटी करायची, दादाच्या नावानं पान वाढायचं. पिशवीतलं सामान भांड्यात गळ्यापर्यंत कोंबलं. मारोती म्हणाला, थोडं थोडं घे. थोडं थोडं घेणारा असतो तर सातवी पास झालो नसतो का? बटण फिरवलं. मिक्सर घुर्र करून दोनदा कण्हला आणि गप्प.

परत फिरवलं. गप्प. प्लग बदलला. गप्प. वास घेतला, कारण दादा आधी वास घ्यायचा. मला येसरचाच वास आला.

तुम्हाला सांगतो, माणूस गेल्यावर जेवढा रडलो नव्हतो तेवढा त्या मिक्सरपुढं रडलो. मारोतीनं उगं माझ्याकडं पाठ करून कांदा चिरला. आमटीच नव्हती तर कांदा कशाला, हे मीही विचारलं नाही.

संध्याकाळी मिक्सर दादाच्या दस्तीत गुंडाळला, लेकरासारखा कडेवर घेतला आणि बाजारात निघालो. मारोती सोबत आला.

पहिल्या दुकानदारानं मिक्सर कानाजवळ धरून हलवला आणि मोटार गेली म्हणाला. उघडलासुद्धा नाही. नवी मोटार टाकतो, जुनी इथंच राहू दे म्हणाला. दादानं स्टँडवर सांगितलेलं जसंच्या तसं. मला तर क्षणभर आनंदच झाला, की बघ दादा, ओळखला. मी मिक्सर काढून घेतला आणि त्याला मराठीत जे सांगायचं ते सांगितलं.

दुसरं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. हैदराबादचे. त्यांची बोली ऐकून जरा बरं वाटलं. आमच्याकडं बाजारात अर्धी माणसं तशीच बोलतात. चाचांनी दस्ती सोडून घडी करून बाजूला ठेवली. मिक्सर पालथा केला. चष्मा वर केला, खाली केला.

"मियाँ, ये क्या लेपे?"

मी म्हणालो, असू द्या, चोरांसाठी आहे.

चाचा म्हणाले, हे फोडल्याशिवाय काही कळायचं नाही, तुम्ही शेजारी हॉटेलात चाय पिऊन या. आणि त्यांनी छिन्नी-हातोडी उचलली.

चाय! आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? माझ्या कानात स्टँडवरचा दादा बोलायला लागला. मी मिक्सर हिसकावला आणि पळत सुटलो. मारोती "अरं" म्हणेपर्यंत मी तीन दुकानं ओलांडली होती.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. एक टकलावर नुकते केस आलेला धट्टाकट्टा गडी, बगलेत उघडा मिक्सर, मागं वायर सरपटतेय, वायरीच्या मागं प्लग उड्या मारतोय. आणि त्याच्या मागं पांढऱ्या दाढीचे एक वयस्क गृहस्थ धापा टाकत, हात वर करून, थांब थांब म्हणत पळतायत. लोकांना काय वाटेल?

लोकांना तेच वाटलं.

चपलांच्या दुकानापुढं दोघांनी मला धरलं. पुढच्या मॉलचा सिक्युरिटीवाला आला. घोळका झाला. मिक्सर कुणाचा, विचारलं. माझा म्हटलं. पुरावा काय? पावती तर नव्हतीच. तोंडातून निघून गेलं, आत माझ्या भावानं गाठ मारलीय, दाव्यासारखी, ती बघा. सिक्युरिटीवाला म्हणाला, बरं, उघडून दाखव.

उघडू देणार नाही म्हणालो.

बघा, जगात इतका गाढव चोर कुणी बघितला असेल का?

तेवढ्यात चाचा येऊन पोचले. छाती धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मिक्सर माझाच म्हणणार. त्यांनी बगलेतून दादाची दस्ती काढली आणि माझ्यापुढं धरली.

"इसीच का है, छोड़ो इसको. दस्ती भूल के भागा, देने कू आया मैं."

मला काय वाटलं ते सांगत नाही. जमीन फाटायची वाट बघत होतो, तर तिथं सगळी फरशी. मारोती सांगतो, चांगली बसवलेली होती.

पण सिक्युरिटीवाल्याचं समाधान होईना. चाचांना दया आली म्हणून ते बोलतायत, असं त्याला वाटलं. घरच्या कुणाला विचारा म्हणाला. मी नको नको म्हणत होतो, तेवढ्यात मारोतीनं माझ्याच खिशातून फोन काढून वहिनीला व्हिडिओ लावला. दुसऱ्याच घंटीला वहिनी दिसली. मागं स्वयंपाकघर. कपाळ मोकळं. मी मान खाली घातली.

"भावजी, इतके दिस झाले. बरे हायत ना?"

मी नुसतं मारोतीकडं बघितलं. मारोतीनं सगळं सांगितलं आणि फोन मिक्सरपुढं धरला. वहिनीनं लगेच ओळखला. भांडं बसतं तिथला तुकडा उडालाय, तो माझ्याच हातून पडला होता म्हणाली. त्या दिवशी मिरच्या वाटत होते. सिक्युरिटीवाल्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यानं तुकडा उडालेली जागा बघितली आणि मान हलवली. घोळका पांगायला लागला. तुकडा खरंच उडाला होता. इतके महिने मिक्सर जवळ घेऊन झोपलो, मला दिसला नव्हता.

मग वहिनीनं विचारलं, मिक्सर घेऊन बाजारात कशाला गेला होतात? चालत नाही म्हणालो.

"लय भरलं असंल भांडं. खालचं लाल बटन दाबलं का?"

मी म्हणालो, कुठलं लाल बटण?

वहिनी म्हणाली, बुडाला असतं की. जास्त भार पडला की मिक्सर आपोआप बंद होतो, जरा थंड झाला की ते बटण आत दाबायचं. मी रोज दाबायची. "पालथा करून बघा बरं."

मी मिक्सर पालथा केला. चाचांनी बघितलं. मारोतीनं बघितलं. सिक्युरिटीवालाही वाकला. फोनमधून वहिनीनं बघितलं. बुडाला इकडून तिकडं नुसतं राखाडी, गुळगुळीत एमसील.

मारोतीनं त्यावर बोटानं वाजवून बघितलं.

मग वहिनी हसली. आधी पदरात, मग पदर सोडून. दादा गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "ते म्हणायचे बघा, दुकानात चोर शिरला तर चालंल, बारक्या शिरू नये."

परत चाचांच्या दुकानात आलो. ह्यावेळी मिक्सर मीच त्यांच्या हातात दिला. चाचांनी नखाएवढ्या छिन्नीनं टिचक्या मारत एमसील उडवलं. खालून आधी स्क्रू निघाला, मग खळगा, आणि मग कुंकवाच्या टिकलीएवढं लाल बटण. चाचांनी दाबलं नाही, मला दाबायला लावलं. टक.

रिकाम्या मिक्सरचं बटण फिरवलं आणि तो घरघरायला लागला.

फोन चालूच होता. मी काहीतरी बोलायला गेलो, वहिनीला ऐकू गेलं नाही. तिचंही मला ऐकू येईना. किती दिवसांनी. मागं तीच घरघर, फक्त ह्यावेळी ती माझ्या बाजूला होती. वहिनीचं हसू थांबलं होतं. ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती. मी मिक्सर बंद करायला हात नेला.

"राहू द्या भावजी," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "चालू द्या घडीभर."

चालू ठेवला. चाचांनी गिऱ्हाइकाला हातानंच थांबायची खूण केली. मारोतीनं शेजारून चहा आणला. मी मिक्सरपासून न हलता प्यालो. दादाचा शब्द मोडला नाही.

आता रिकामा मिक्सर इतका वेळ कुणी चालवतं का? व्हायचं तेच झालं. घरघर एकदम थांबली. मी परत घाबरलो, बटण इकडून तिकडं फिरवलं, प्लग काढला, घातला, वास घ्यायला वाकलो. चाचांनी कपाळाला हात लावला.

फोनमधून वहिनी म्हणाली, "दाबा की खाली. का परत लिंपलं?"