एकशे दहा नंबरचा जेट

रस्ता रुंद झाला आणि आमच्या घरामागचा गोठा त्यात गेला. चार म्हशी वरच्या माळावर, नव्या गोठ्यात न्याव्या लागल्या. जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला आमचं गाव. घर खाली रस्त्यालगत आणि माळ वर. मधली वाट अरुंद, सुट्या मुरमाची आणि सरळ चढाची. ट्रॅक्टर तिथं जात नाही, मोटरसायकल घसरते. चाऱ्याला उसाचं वाडं आणि पेंडेचं पोतं रोज वर न्यायचं, दुधाच्या किटल्या खाली आणायच्या. चाळीस वर्षं मी डोक्यावर भारे वाहिले. आता मान चालत नाही. सून एकटी तीन-तीन खेपा करायची.

मुलगा म्हणाला, म्हशी विकू. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण म्हशी सुनेच्या होत्या. पहिली रेडी तिनं माहेराहून आणली, बाकीच्या तिनंच वाढवल्या. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "मला एक आठवडा द्या. बाबांनी पाठवलेली गाडी भारा घिऊन चढली तर म्हशी राहतील. न्हाय चढली तर मी स्वतः दावं सोडून देतो."

"दिला," मुलगा म्हणाला आणि त्यानं रविवारी व्यापाऱ्याला यायला सांगून टाकलं.

गाडी म्हणजे चार जाड चाकं आणि मोटरसायकलसारखं हँडल. सहलीला आलेली पोरं मैदानात गोल गोल फिरवतात ती. तिचं मूळ इंजिन मेलं होतं. सुनेच्या वडिलांचं कागलला गॅरेज आहे. त्यांनी ती भंगारातून घेतली, जुन्या मोटरसायकलचं इंजिन बसवलं, मागं लोखंडी कॅरेज जोडलं आणि टेम्पोत घालून पाठवली. बरोबर निरोप होता की इंजिन एका गाडीचं आहे आणि कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा, त्यांचं जमवून घ्यायचं काम तुमच्या चढावरच करावं लागेल. आणि निरोपाबरोबर कार्बोरेटरात बसवायचे पाच जेट.

जेट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पितळेचा, हरभऱ्याएवढा, मधोमध सुईनं पाडल्यासारखं भोक आणि कडेला नंबर. सुनेनं पाचही जेट कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले. एवढ्याशा भोकानं काय होतं, असं मी विचारलं.

"आत्ती, ह्यातनं पेट्रोल जातं. नंबर मोठा तसं भोक मोठं. पेट्रोल जादा झालं की इंजिन गुदमरतंय, कमी झालं की तापून जळतंय."

"म्हणजे चुलीगत."

"व्हय. फकस्त ही चूल चढ चढती."

तिची कामाची रीत मी बघत बसायची. जेट बसवायचा, इंजिन गरम करायचं, पूर्ण रेस देऊन चढावर घालायचं आणि अर्ध्या वाटेवर क्लच दाबून गाडी एकदम बंद करायची. मग तिथंच प्लग खोलून त्याचं टोक बघायचं. काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी, शेंगदाण्याच्या सालीसारखं तांबूस असेल तर बरोबर. जे दिसेल ते ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायची: वार, जेटचा नंबर, किती भारा, प्लगचा रंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मुलाच्या हातात असतं तर त्यानं चार गोष्टी एकदम पिळल्या असत्या आणि कशानं काय झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी एकशे पंधरानं काळा धूर ओकला. एकशे दहा घातल्यावर गाडी मोकळी पळाली, प्लग तांबूस निघाला. तिनं मला सीट उचलून फिल्टर दाखवला. "आत्ती, इथनं इंजिन श्वास घेतंय. धूळ आत गेली की ह्यो खेळ संपला." फिल्टर तिनं धुऊन बसवला होता. "उद्या भारा घालून बघतो," ती म्हणाली.

संध्याकाळी रस्त्याचं काम करणाऱ्यांनी मुरूम ओतला. सगळ्या अंगणात धुरळा. सून धारा काढायला वर गेली होती. मी दूध गाळायचं कापड घेतलं, दुहेरी केलं, फिल्टरच्या तोंडावर घातलं आणि किटलीच्या तोंडाला बांधतात तसं सुतळीनं करकचून बांधलं. सीट परत बसवली. कापडातून दूध जातं, मग वारा का जाणार नाही, असा माझा हिशेब. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मंगळवारी तोच एकशे दहा अर्ध्या चढावर गुदमरला. प्लग काळा. भाऱ्यानं झालं असेल म्हणून तिनं भारा उतरवला, तरी काळा. बुधवारी एकशे पाच घातला, तोही काळा. मग शंभर. प्लग जरा उजळला, पण गाडीत दम राहिला नाही. मोकळी चढायची, भारा ठेवला की बसायची. शुक्रवारी तिनं टाकीतलं पेट्रोल बदललं. फरक नाही.

शनिवारी मुलगा वर आला तेव्हा ती भिंतीसमोर उकिडवी बसली होती, मी शेजारीच होते.

"भिंत काळी करून गाडी चढत नसती," तो म्हणाला.

"भिंत खोटं बोलत न्हाय."

"मग कोण बोलतंय?"

"ते बघतो की. सोमवारी एकशे दहा, भारा न्हाय, प्लग तांबूस. मंगळवारी एकशे दहा, भारा उतरवून, प्लग काळा. जेट तोच, वाट तीच, पेट्रोल बदलून झालं. जेटची चूक न्हाय ही. सोमवारनंतर गाडीत कायतरी बदललंय आणि ते मी बदललेलं न्हाय."

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर वडिलांना शिव्या दिल्या असत्या, नाहीतर नशिबाला. ती आपल्या लिहिण्यावर अडून बसली. श्वास घेतंय म्हणाली होती ते मला तेव्हा आठवलं.

मी म्हणाले, "थांब, मी सांगतो. फिल्टरला मी कापड बांधलंय. दुधाचं. दुहेरी."

मुलगा मोठ्यानं हसला. सून हसली नाही. गाडी खाली उभी होती. तिनं भराभर उतरून सीट उचलली, सुतळी सोडली, कापड हातात घेऊन उजेडाकडं धरलं. "पाच दिवस ह्याच्या नाकावर उशी होती," एवढंच म्हणाली. मुलानं किल्ली उचलली. "आता बघू, मी चढवतो."

तिनं त्याच्या हातून किल्ली काढून घेतली. "शंभरच्या जेटवर? कापड काढल्यावर आता वारा जादा आणि पेट्रोल कमी. भारा घालून चढवली तर माथ्यावर जाईस्तोवर इंजिन जळंल. आधी एकशे दहा."

चूक सापडल्याच्या आनंदात माणूस पुढची चूक करतो. ती केली नाही तिनं. जेट बदलला, मोकळी गाडी चढवली, प्लग तांबूस. लिहिलं. एक भारा घालून चढवली, तांबूस. लिहिलं. तेवढ्यात अंधार पडला.

रविवारी सकाळी व्यापारी मोटरसायकलवरून आला. म्हशी वर, म्हणून तो वाटेच्या तोंडाशीच थांबला. सुनेनं कॅरेजवर वाड्याचे दोन भारे आवळले. पेंडेचं पोतं मुलानं आदल्या दिवशीच वर नेलं होतं, गाडीला हलकं जावं म्हणून मुद्दाम की काय ते मी विचारलं नाही.

"वजन कमी पडतंय," सून म्हणाली. "आत्ती, बसा."

मी भाऱ्यांवर बसले. चाळीस वर्षं भारे वाहिले, त्या दिवशी मीच भारा झाले.

"मावशी, घट्ट धरा, न्हायतर म्हशींच्या आधी तुमचाच सौदा हुईल," व्यापारी म्हणाला.

"पावणं, तुम्हाला परवडायची न्हाय मी."

सुनेनं रेस दिली. चाकांखालून मुरूम उडाला. मंगळवारी जिथं गाडी बसली होती तिथं मी डोळे मिटले नाहीत, मुद्दाम बघत राहिले. इंजिनाचा आवाज बदलला नाही. वाट संपली, गोठा आला, म्हशींनी माना वळवल्या. तिनं गाडी बंद करून प्लग खोलला आणि मला दाखवला. शेंगदाण्याची साल. मग ती भिंतीकडं गेली. मंगळवार ते शुक्रवारच्या ओळींपुढं तिनं लिहिलं, "कापड होतं." कुणी बांधलं ते लिहिलं नाही. खाली लिहिलं, "रवि, ११०, दोन भारे आणि आत्ती, तांबूस."

व्यापारी आणि मुलगा धापा टाकत चालत वर आले. मुलानं भारे उतरवायला घेतले.

"म्हणजे मी मोकळाच जाऊ?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मोकळं कशाला? चहा घिऊन जावा की," सून म्हणाली.

खाली येऊन त्यानं चहा घेतला आणि मोटरसायकलला किक मारली. काळ्या धुराचा लोट निघाला. सून दारात उभी होती.

"पावणं, फिल्टर बघा एकदा. घरात कुणी कापड बांधलंय का इचारा."

मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.