अंगठा नसलेलं घड्याळ

धान घरात आलं की आमच्या चिमूरकडच्या गावांना पटाचे वेध लागतात. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकडीला दोन बैल, छकडीवर त्यांना हाकणारा धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना गावंच्या गावं उभी. मला मात्र लहानपणापासून बैलांपेक्षा मचाणावरचा माणूस जास्त आवडायचा, कारण तो माझा काका होता. त्याच्या हातात गोल घड्याळ असे. झेंडी पडली की अंगठ्याने ते सुरू करायचं, बैलांनी शेवटची रेघ ओलांडली की अंगठ्यानेच थांबवायचं. काका माइकवर जो आकडा सांगेल तो खरा, त्यावर कुणी ब्र काढत नसे.

मागच्या पटात तो ब्र काढला माझ्या बाबांनी. त्यांची जोडी अगदी थोडक्यात दुसरी आली आणि भर मैदानात त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाला सुनावलं, "बैल बराबर पोचले. तुहा अंगठा मांगून पोचला!" काका तसाच मचाणावरून उतरून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. घरं एकमेकांना लागून, विहीर एक, आणि निरोप्या म्हणून माझी आई. काका समोर उभा असताना बाबा आईला म्हणायचे, "सांगा तुमच्या देराले, मोटर बंद कर म्हना." काका तिथूनच मोटर बंद करायचा आणि आईलाच सांगायचा, "केली म्हना." आई दोघांनाही शिव्या घालत भाकऱ्या थापायची.

मी आईपेक्षा तापट. वर्षभर हा तमाशा बघून माझं डोकं फिरलं होतं. भांडण अंगठ्यावरून आहे ना, मग अंगठाच काढून टाकू, असं मी एक दिवस जेवताना जाहीर केलं. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पलीकडे जाऊन काकाला सांगितलं तर तो म्हणाला, "कर तू. पन हे नाई चाललं, तं मी पुन्हा मचानावर चढत नाई." म्हणजे माझं यंत्र फसून काकाने मचाण सोडलं असतं तर गावाच्या लेखी बाबांचंच खरं ठरलं असतं, आणि मग दोन घरांमधली ती भिंत कायमची.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम गावातूनच करते. जुना, अगडबंब प्रोग्राम आहे, सगळा जावा भाषेतला. ब्राउझरला जावा कळत नाही, त्याला जावास्क्रिप्ट लागते. नावावरून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीचं दुसरीला ओ की ठो कळत नाही. म्हणून मधे एक कंपायलर असतो, तो आमची जावा घेतो आणि तिची जावास्क्रिप्ट करून ब्राउझरला देतो. मला येतं ते एवढंच, तेव्हा पटाचं घड्याळही मी त्यातच लिहिलं.

युक्ती साधी होती. एका जुन्या माउसचं पोट उघडलं. चिमूरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने डाव्या बटणाला एक लांब वायर जोडून दिली, उजव्याला दुसरी. डावी वायर सुरुवातीच्या रेघेशी, उजवी शेवटच्या. रेघेवर शिवणकामाचा दोरा ताणायचा. बैलांनी तो तोडला की त्याने ओढून दूर धरलेल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटणार, आणि माउसला वाटणार, कुणीतरी बटण दाबलं. मचाणावर लॅपटॉप, पडद्यावर आकडा. मला तर पटाच्या आधीच पट जिंकल्यासारखं झालं होतं.

पटाच्या दिवशी सकाळी चाचणीला एक जोडी सोडली. दोरे झकास तुटले. मी ऐटीत पडदा काकाकडे वळवला. पडद्यावर आकडा होता वजा चार मिनिटं आणि वर पन्नासेक सेकंद.

"बैल निंगाच्या आंधीच पोचले!" खालून कुणीतरी ओरडलं आणि मैदान हसून लोळायला लागलं. सर्वांत मोठ्याने हसले बाबा, मचाणापर्यंत ऐकू जाईल असे. काकाने माइक खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, लॅपटॉपच्या घड्याळाले हात लावला का तुमी?"

"मांगं होती ते. माह्या घडीवरून बराबर करून देल्ली."

काकाचं मनगटी घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. एसटी चुकू नये म्हणून ते आयुष्यभर तसंच आहे. इकडे मी नेमकं बैल धावत असताना ऑफिसला निरोप पाठवायला मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं होतं. नेट मिळताच लॅपटॉपने आपली वेळ सुधारली आणि तो पाच मिनिटं मागे आला. माझ्या प्रोग्रामने निघताना काकाची वेळ बघितली होती, पोचताना जगाची. दोन्ही वजा करून त्याने इमानदारीत उत्तर दिलं. मला रडू यायला हवं होतं, पण मी खदखदून हसले, कारण चूक सापडली होती!

लॅपटॉप घेऊन मी मोहाच्या झाडाखाली बसले. दुपारनंतर खरे पट सुटणार होते. मला असं घड्याळ हवं होतं की जे फक्त पुढेच जातं, बाहेर कुणी काटे फिरवले तरी त्याला पत्ता लागत नाही. जावात ते आहे. पण माझ्या कंपायलरने त्याची जावास्क्रिप्ट करायची सोयच ठेवलेली नव्हती. ते नाव लिहिलं की तो सरळ नकार द्यायचा. ब्राउझरकडे मात्र असं घड्याळ असतं. शोधता शोधता त्याहून भारी गोष्ट हाती लागली. माउसचं बटण दाबलं गेलं की ब्राउझर त्या घटनेवरच वेळेचा शिक्का मारतो. माझा प्रोग्राम ती घटना उचलायला कितीही रेंगाळो, शिक्का आधीच पडलेला. म्हणजे काकाचा अंगठा गेला, तसा प्रोग्रामचाही गेला!

आता प्रश्न एवढाच, की जावात बसून ब्राउझरच्या खिशात हात कसा घालायचा. कंपनीत हे काम दुसरे करायचे, मी कधी केलं नव्हतं. त्याची रीत वाचली आणि अंगावर काटा आला. जावात फक्त एक नाव जाहीर करायचं आणि सांगायचं, याचा जीव दुसरीकडे आहे. मग त्याच ओळीला लागून टिप्पणीची खूण करायची. टिप्पणी म्हणजे माणसांसाठी लिहिलेला शेरा, जावा तो वाचतसुद्धा नाही. आणि त्या शेऱ्याच्या पोटात चक्क जावास्क्रिप्ट लिहायची! जावा तिथून डोळे मिटून जाते, कंपायलर मात्र तो मजकूर उचलून जिथल्या तिथे बसवतो. सीमेवरच्या सिरोंच्याचे लोक मराठी बोलता बोलता मधेच एक शब्द तेलुगूत टाकतात आणि पुन्हा मराठीत येतात, तसं. अख्खा प्रोग्राम जावात, मधे एकच ओळ ब्राउझरच्या भाषेत: या घटनेवरचा वेळेचा शिक्का दे.

पहिल्या फेरीला कंपायलर रुसला. मी सवयीने उत्तर मोठ्या पूर्णांकात मागितलं होतं, आणि जावाचा तो मोठा पूर्णांक जावास्क्रिप्टमध्ये नसतोच. दशांशाचा आकडा मागितला तशी स्वारी खूश. बॅटरी संपत आली होती आणि कंपायलर मुंगीच्या पावलांनी चालला होता. आईने जवसाची चटणी-भाकर आणून दिली, ती मी एका हाताने खाल्ली. तयार झाल्यावर माउसचं डावं बटण दाबून लॅपटॉपचं घड्याळ मुद्दाम तासभर मागे केलं, मग उजवं दाबलं; पुन्हा तसंच पुढे करून बघितलं. आकडा दोन्हीदा मधल्या सेकंदांचाच आला, तासाने ढिम्म हलला नाही. मी तोंडात घास असतानाच किंचाळले. बाजूला बांधलेला बैल दचकून उभा राहिला.

लॅपटॉप माइकच्या जनरेटरवर लावला, पण काका मचाणावर चढायला तयार नव्हता. मी त्याचा हात धरून अक्षरशः ओढला. पहिल्या जोडीचा आकडा त्याने चाचरत सांगितला, दुसरीचा जरा मोठ्याने. दिवस कलेपर्यंत त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता आणि खालची पोरं "वजा किती?" म्हणून चिडवायची थांबली होती.

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक वैनगंगेपलीकडची, एक बाबांची. पलीकडची आधी धावली आणि दिवसभरातला सर्वांत छोटा आकडा देऊन गेली. मग बाबांचे बैल सुटले. काय धावले! मातीचा लोट उठला, लोक ओरडत होते, मी तर उड्याच मारत होते. दोरा तुटला. पडद्याकडे बघितलं आणि माझ्या उड्या थांबल्या. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात होता, आणि बाबा दुसरे होते.

काकाने आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग माइक उचलला आणि एका दमात सांगितलं, "पयली जोडी वैनगंगेपल्याडची. दुसरी माह्या भावाची."

बाबा गर्दीतून आले आणि मचाणाची शिडी चढले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, उघड्या पोटाच्या माउसकडे पाहिलं, वायरीवरून नजर पार रेघेपर्यंत नेली. काका पाठ ताठ करून उभा होता.

"याच्यात अंगठा कोनाचा?" बाबांनी मला विचारलं.

"कोनाचाच नाई, बाबा. तुमच्याच बैलाईनं दोरा तोडला."

त्यांनी वायर दोन बोटांत धरून बघितली आणि सोडून दिली. मग वर्षभरात पहिल्यांदा भावाकडे बघून बोलले, "मंग मांगच्या सालीबी बैलच मांगं रायले असतीन."

मला वाटलं, झालं, जिंकलो! आता काकाने मान डोलवायची आणि सगळं मिटलं. पण काकाने मान नाही डोलवली.

"मांगच्या सालचं मले बी नक्की नाई, भाऊ," तो म्हणाला. "अंगठा मांगून पोचला असन बी."

बाबा एक पाऊल त्याच्याकडे सरकले.

"मंग सालभर सांगतलं काऊन नाई बे?"

"तू इचारलं कुठी? तू तं सांगून राह्यला होतास."

बाबांच्या तोंडून आधी हुंकार आला, मग हसू. त्यांनी काकाच्या पाठीत एक जोरदार थाप घातली आणि शिडीकडे वळत म्हणाले, "चाल. बैलाईले पानी दाखवू."