रोज वापरायचा वाडगा

"हा प्लास्टिकचा वाडगा जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपलाच देऊन टाकू या," केतकीवहिनी स्वयंपाकघरात म्हणाल्या. निर्मलामावशींना जाऊन दहा दिवस झाले होते. त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे वहिनी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून मावशींचं हिल्सबरोचं घर आवरायला आले होते, आणि मी माझ्या खोलीची किल्ली परत द्यायला पॅसेजमध्ये उभी होते. वाडगा प्लास्टिकचा नव्हता... पण माझं तोंड उघडेना.

मी चार वर्षं मावशींची भाडेकरू होते. नातं काही नव्हतं. संध्याकाळी त्या दारातून "जेवलीस?" विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता माझं पान घ्यायच्या. माझ्या न बोलण्याचं त्यांनी कधी काही वाटून घेतलं नाही.

२०१७ साली पुण्याला जाताना मावशी आणि मी चार दिवस जपानमध्ये थांबलो. तिथल्या पारंपरिक हस्तकलांच्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर कित्येक महिने पडून होतं, ते मावशींनी पाहिलं होतं, म्हणून त्या मला तिथे घेऊन गेल्या. लाखकामाच्या वर्गात एक मुलगी लाकडी वाडग्यावर झाडाच्या चिकाचा थर देत होती. हा थर कोरड्या हवेत नाही, दमट कपाटात वाळतो, असं सरांनी सांगितलं. "मग जुलैत आमच्या मुंबईला पाठवा," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. सर खूप हसले. मग त्यांनी विचारलं, काही प्रश्न? मावशींनी मला कोपराने ढोसलं. परदेशी मुलींना प्रवेश मिळतो का, एवढंच विचारायचं होतं. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "अगं, हवंय तर हवंय म्हणावं. मी कुठवर ओळखून घेऊ?"

विद्यार्थ्यांच्या दुकानातून त्यांनी तसाच एक काळा लाकडी वाडगा घेतला होता. तो रोज वापरा, असं सरांनी बजावलं होतं. मला वाटलं, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तो पाहुण्यांना दाखवायला शोकेसमध्ये जाईल. मावशी रोज रात्री त्यात दहीभात खायच्या. एकदा मी तो चुकून डिशवॉशरमध्ये टाकला आणि कडेला एक पांढुरका डाग पडला. त्यानंतर मावशी जेवताना डागाची बाजू स्वतःकडे वळवून घ्यायच्या, मला दिसू नये म्हणून.

त्या विद्यापीठाचा अर्ज मी अजून भरलेला नाही...

वहिनी खोकं घेऊन बाहेर आल्या. सगळ्यात वर तो वाडगा होता, डाग माझ्याकडे. "यातलं तुला काही नकोच असेल ना?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"हवंय," मी म्हटलं. "हा वाडगा मला हवाय."